बिलावरील नाव

श्रावकाची अणुव्रते गुरूंच्या साक्षीने घेतली जातात. त्यांची परीक्षा मात्र पेढीवर होते. व्यापारी विक्रेता असतो तेव्हा ही परीक्षा सर्वांना दिसते. तोच ग्राहक होऊन दुसऱ्याकडे तक्रार मांडतो, तेव्हा ती अधिक सूक्ष्म होते.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघे येथे एका साधर्मिक बंधूंचे विजेच्या सामानाचे छोटे दुकान आहे. पिता-पुत्र स्वतःच ते चालवतात. हिशेबासाठी त्यांनी नवा संगणक घेतला आणि दोन महिन्यांतच तो चालता चालता बंद पडू लागला. ग्राहक सेवा केंद्राला फोन केल्यावर तंत्रज्ञ येऊन रॅम बदलून गेला. आठवड्याने तीच अवस्था. पुन्हा फोन, नवा तक्रार क्रमांक आणि तीच हकीकत पहिल्यापासून. या वेळी हार्ड डिस्क बदलली. मुलाने आधीच हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला होता, म्हणून खाती वाचली. दोष मात्र गेला नाही. जीएसटी विवरणपत्राची २० तारीख जवळ येत होती आणि बिले हाताने लिहावी लागत होती.

एका परिचिताने सुचवले, “काका, ग्राहक आयोगात जा. पण दुकानासाठी घेतला असे लिहू नका. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही. मुलाच्या अभ्यासासाठी घेतला म्हणा.” मुलालाही ते पटले. पित्याने बिल पुढे ठेवले. त्यावर दुकानाचे नाव आणि जीएसटी क्रमांक होता; कराची वजावटही घेतलेली होती. “सरकारपुढे दुकानाचा आणि आयोगापुढे घरचा, असा एकच संगणक कसा असेल?” एवढेच ते म्हणाले.

वास्तविक असत्याची गरजच नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली आहे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका मिळवण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यात धरली जात नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, जुन्या कायद्याखाली, हेच स्पष्ट केले होते. हेतू कोणता, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. मदतीला घरची माणसे असल्याने हक्क जात नाही. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

पिता-पुत्रांनी एका कागदावर सर्व क्रमाने लिहिले: बिलाची तारीख, यंत्राचा अनुक्रमांक, प्रत्येक तक्रार क्रमांक, बदललेला भाग आणि त्यानंतर दोष पुन्हा दिसल्याचा दिवस. वापर दुकानाच्या हिशेबासाठी, हेही स्पष्ट लिहिले. संगणक बंद पडतानाचे चित्रीकरण जोडून ते कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवले आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. फोनवर मुलाचा आवाज चढला, तेव्हा पित्याने हळूच सांगितले, “बाळा, पलीकडच्या मुलाने हा संगणक बनवलेला नाही.” पुढे पंधरा दिवसांत संगणक बदलून मिळाला. आयोगाची पायरी चढावी लागली नाही.

यानंतर जे घडले ते अधिक मोलाचे आहे. दुकानाच्या बिलबुकावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ वर्षानुवर्षे छापली जात होती. दोषयुक्त माल बिलातील मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे चांगल्याच्या नावाने हलका माल देणे, कितीतरी शतकांपूर्वी गणला आहे. सदोष मिक्सर जाणूनबुजून ग्राहकाच्या गळ्यात ठेवणे त्याहून फार दूर नाही.

नवे बिलबुक छापायला देताना मुलाने ती ओळ स्वतः खोडली आणि तिच्या जागी लिहिले: ‘दोष आढळल्यास बिल घेऊन यावे.’