सहा नंबरची जर्सी

२००३च्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना पुन्हा बघायला बसलो की मी चेंडूकडे बघत नाही. इंग्लंडच्या सहा नंबरच्या जर्सीवर नजर ठेवतो. रिचर्ड हिल.

सुरुवातीला हे जमत नाही, चेंडू नजरेला ओढून नेतो. पण चिकाटी धरली की पंधरा-वीस मिनिटांत वेगळाच खेळ दिसू लागतो. आपला गडी टॅकल होऊन खाली आला की हिलसारख्या फ्लँकरनं सगळ्यांच्या आधी तिथं पोचायचं, वाकून खांदा लावायचा, समोरच्यांना मागे रेटायचं आणि स्क्रमहाफला चेंडू स्वच्छ उचलता येईल एवढी जागा करून द्यायची. मग उठायचं आणि पुन्हा धावायचं. तोवर चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, कॅमेराही.

हिल १९९७ ते २००४ या काळात इंग्लंडकडून ७१ कसोट्या खेळला. सहा, सात, आठ, जो नंबर दिला त्यावर. नील बॅक आणि लॉरेन्स डलालिओ या त्याच्या जोडीदारांची नावं जास्त गाजली. पण प्रशिक्षक क्लाइव्ह वुडवर्ड यांनी एकदाही न वगळलेला खेळाडू हिलच. विश्वचषकात जॉर्जियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. तरी वुडवर्डनी त्याला घरी पाठवलं नाही. तीस जणांच्या संघातली एक जागा पाच आठवडे अडवून ठेवली आणि थेट फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याला उतरवलं. हिलला याहून मोठा मान मिळाला असेल असं मला वाटत नाही.

त्याचं मोल तो नसताना कळतं. २००१ साली मेलबर्नला ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त लायन्स संघ मध्यंतराला ऑस्ट्रेलियापेक्षा ११-६ असा पुढे होता. पण पूर्वार्धातच ऑस्ट्रेलियाच्या नेथन ग्रेचं कोपर लागून हिलला मैदान सोडावं लागलं होतं. लायन्स ३५-१४ने हरले. मध्यंतरानंतर लगेच ऑस्ट्रेलियाच्या जो रॉफनं हिलचा इंग्लंडमधला सहकारी विल्किन्सनचा पास मधल्यामध्ये पळवला आणि वारं फिरलं, हे खरं. तरी तो उत्तरार्ध बघताना रकमध्ये, म्हणजे पडलेल्या गड्यावरच्या त्या रेटारेटीत, एक खांदा कमी पडतोय, असं मला दर वेळी जाणवतं. चार वर्षांनी लायन्सच्याच जर्सीत, क्राइस्टचर्चला, त्याचा गुडघा गेला. त्यातूनही तो परतला आणि २००८पर्यंत आपल्या सॅरासेन्स क्लबकडून खेळला.

सिडनीच्या त्या अंतिम सामन्यात जादा वेळ सुरू असताना, ९३व्या मिनिटाला, हिलला बाहेर बोलावलं. लुइस मूडी आत आला. शेवटच्या लाइनआउटमध्ये स्टीव्ह थॉम्पसननं अगदी मागच्या टोकाला टाकलेला लांबलचक चेंडू झेलला तो मूडीनंच. मग मॅट डॉसनची धाव, मार्टिन जॉन्सनची धडक, आणि विल्किन्सनचा उजव्या पायाचा ड्रॉप गोल. २०-१७.

तो चेंडू खांबांमधून जातो तेव्हा सहा नंबर मैदानात नसतो. माझी नजर तरी त्यालाच शोधत असते.