न सुटणारा उपास

दिवाळी ते तुळशीचं लग्न या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या नव्या पेशंटांमध्ये एक चित्र हमखास दिसतं. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, सोबत आई आणि बहुतेक वेळा आत्या किंवा मावशी. घरात कित्येक महिने जे कुणाच्या ध्यानात आलेलं नसतं, ते दिवाळीत येतं, कारण या चार दिवसांत सगळे एकत्र जेवायला बसतात. भाऊबीजेला आलेली आत्या म्हणते, "अगं वहिनी, हिची मनगटं बघ, नुसती हाडं राहिलीत." रोज त्याच मुलीला बघणाऱ्या आईला तोवर ते दिसलेलं नसतं.

मी किशोरवयीन मुलामुलींची मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि खाण्याचे विकार हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. आपल्याकडे या आजारांना श्रीमंत घरच्या पोरींचं खूळ समजतात. एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन मुलींच्या हकिकती एकत्र केल्या आहेत. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जाणारे, आई घरी शिलाईकाम करणारी, सोबत आजी आणि धाकटा भाऊ. मुलगी नववीत, वर्गात पहिल्या पाचांत, कुणाला उलट उत्तर न देणारी. पाळी अनियमित झाली म्हणून सोनोग्राफी केली. त्यात पीसीओएस निघालं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं, "वजन जरा कमी कर."

त्या एका वाक्यापासून किती मुलींचा आजार सुरू होताना मी पाहिला आहे! सल्ला वैद्यकीय असतो, बऱ्याचदा योग्यही असतो. पण तो कसा पाळायचा, कुठे थांबायचं आणि पुन्हा कधी दाखवायला यायचं, हे कुणी सांगत नाही. या मुलीने आधी साखर सोडली, मग भात, मग पोळीवरचं तूप, मग पोळी. सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळ्यांनी कौतुक केलं. "बारीक झालीस, छान दिसतेस," असं शेजारच्या काकू म्हणाल्या, क्लासच्या मॅडम म्हणाल्या, मैत्रिणींनी विचारलं, "काय करतेस गं?" आजारी पडल्याबद्दल शाबासकी मिळते असे आजार थोडेच, आणि हा त्यांतला एक.

मग उपास आले. आधी गुरुवार, मग सोमवार, मग संकष्टी, आणि मार्गशीर्षातले गुरुवार तर तिने आजीपेक्षा कडक केले. आजीला नातीचं फार कौतुक वाटलं. मी उपासांच्या विरोधात नाही. माझ्या घरीही उपास होतात. पण आपल्या उपासाला एक बांधणी असते. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पंचांगात दिलेली असते. नैवेद्य होतो, घर एकत्र बसतं आणि उपास सुटतो. ही मुलगी उपास धरायची, सोडायची नाही. खिचडी केली की "साबुदाण्याने पोट दुखतं", संध्याकाळी ताट वाढलं की "डोकं दुखतंय, सकाळी खाईन". म्हणून आता मी प्रत्येक आईला मुलगी उपास किती करते हे विचारत नाही. उपास सोडताना काय खाते आणि कुणाबरोबर बसून खाते, हे विचारते.

माझ्यापर्यंत पोचायला तिला जवळजवळ वर्ष लागलं. मधल्या काळात पोटाचे डॉक्टर झाले, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, एन्डोस्कोपी झाली, भुकेचं टॉनिक झालं. तिची तक्रार एकच होती, "भूकच लागत नाही, दोन घासांत पोट गच्च होतं." ती खोटं बोलत नव्हती. दीर्घ उपासमारीत जठर अन्न पुढे ढकलायला जास्त वेळ घेतं आणि थोडं खाल्लं तरी पोट फुगल्यासारखं वाटतं. आपल्याकडच्या कित्येक मुली "मला जाड होण्याची भीती वाटते" असं म्हणतच नाहीत. हाँगकाँगमध्ये सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनीही हेच नोंदवलं. मुळात 1873 च्या सुमारास लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी या आजाराची, म्हणजे ॲनोरेक्सियाची, पहिली नीट वर्णनं केली, त्यांतही जाडीच्या भीतीवर भर नाही. लासेग यांच्या रुग्ण मुली जेवल्यावर पोटात कसंतरी होतं, असंच सांगायच्या. भीती बोलून दाखवली नाही म्हणजे तो आजार नाही, असं समजणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

पहिल्या भेटीत तिने पूर्ण बाह्यांचा जाड हुडी घातला होता आणि पंखा बंद करायला सांगितला. तिचा हात हातात घेतला तर बोटं गार, नखं निळसर. दंडावर बारीक मऊ लव आलेली होती. चरबी कमी झाली की शरीर ऊब राखायला ती वाढवतं. नाडी मिनिटाला 44. घरच्यांना आधी कुणीतरी सांगितलं होतं की खेळाडूंची नाडीही अशीच असते. ही मुलगी खेळाडू नव्हती. तिचं हृदय काटकसर करत होतं. पाळी पाच महिने बंद होती. या वयात पाळी अशी थांबली की हाडं भरण्याची जी मोजकी वर्षं असतात ती वाया जातात, आणि त्याची भरपाई पुढे पुरती होत नाही.

आई म्हणाली, "पण मॅडम, दिवाळीच्या चकल्या हिनेच केल्या हो. करंज्याही. सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. दिवसभर फोनवर रेसिपीच बघत असते. जेवणाचा राग असता तर असं केलं असतं का?" हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर या आजाराच्या गाभ्याशी आहे.

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा खायला कसं घालावं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीने युद्धाला नकार देणारे होते, स्वतःहून प्रयोगात आलेले, मनाने खंबीर म्हणून निवडलेले. 1945 मध्ये 24 आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पाव हिश्श्याने उतरलं. पण खरा धक्का मनात झालेल्या बदलांचा होता. ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. घासाचे बारीक तुकडे करून जेवण लांबवत बसू लागले. त्यांना सतत थंडी वाजायची, ते चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून तुटले. काहींच्या मनाची ही अवस्था पोटभर खायला मिळू लागल्यावरही बरेच महिने टिकली.

या पुरुषांना ना आरशाची काळजी होती, ना हातात फोन होता. तरी अर्धपोटी राहिल्यावर त्यांचं मन ज्या वळणावर गेलं, त्याच वळणावर माझ्यासमोरची मुलगी उभी होती. चकल्या करणं, सगळ्यांना वाढणं, रेसिपी बघत बसणं ही उपाशी मेंदूची लक्षणं होती. म्हणून "हिचं आधी समुपदेशन करा, मन वळलं की खाईल," हा क्रम मला मान्य नाही. उपाशी मेंदूशी कितीही शहाणपणाचं बोललं तरी ते आत पोचत नाही. आधी अन्न, मग वजन, मग मन. ॲनोरेक्सियात वजन परत आणणारी गोळी आजही आपल्याकडे नाही. अन्न हेच औषध, आणि ते देणारे हात आईवडिलांचे.

हे ऐकलं की बहुतेक आया रडतात, कारण तोवर त्यांना चार ठिकाणी ऐकवलं गेलेलं असतं की दोष त्यांचाच. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, असं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. काटेकोर, हुशार, स्वतःवर कडक असणाऱ्या मुली त्यात जास्त सापडतात. मुलगेही सापडतात, आणि त्यांचं निदान आणखी उशिरा होतं. समाजाचा वाटा आहेच. फिजीच्या एका भागात 1995 मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये पाहणी केली. खाण्याबद्दलचे धोकादायक विचार असलेल्या मुलींचं प्रमाण सुमारे 13 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर गेलं होतं. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणारी मुलगी आधीच्या पाहणीत एकही नव्हती, नंतर होत्या. तीही साधा टीव्ही बघणारी पिढी होती. आमच्या मुलींच्या हातातला फोन तर त्यांचं बोट कुठे थांबलं हे लक्षात ठेवतो आणि तेच पुन्हा पुढ्यात आणतो. त्यात वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी वाढणं हा निसर्गक्रम आहे. पाळी सुरू व्हायला आणि टिकायला ती लागतेच. नेमक्या त्याच वर्षी नातेवाइकांना तिच्या अंगाबद्दल बोलायचं असतं.

लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारपद्धतीने मी काम करते. सुरुवातीच्या एका भेटीत घरच्यांनी डबा आणायचा आणि माझ्यासमोर जेवायचं. या घराने पोळी, बटाट्याची भाजी, वरणभात आणि रव्याचा लाडू आणला होता. मुलीने पोळीचे नखाएवढे तुकडे केले, ताटाच्या कडेने मांडले, प्रत्येक तुकडा कागदी रुमालावर दाबून तूप टिपलं. वडिलांनी आधी लाडीगोडी लावली, "खाऊन घे ना गं बाळा." मग आवाज चढला. मग ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी आईला मुलीच्या शेजारी बसायला सांगितलं. कॅलरींवर बोलायचं नाही, वाद घालायचा नाही, भीक मागायची नाही. एवढंच म्हणायचं, "तुला अवघड जातंय हे मला दिसतंय. पण हा घास घ्यायचा आहे." मुलगी ओरडली, "तू मला जाडी करणार आहेस! तुला मी आवडतच नाही!" आई हलली नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. तासाभराने मुलीने तूप न टिपलेला एक घास खाल्ला. तिच्या मनात होता त्यापेक्षा एक घास जास्त. त्या दिवशी मला तेवढंच हवं होतं.

पुढचे महिने घराने जे केलं त्याला तोड नाही. तीन जेवणं, तीन वेळा मधलं खाणं, ताट आई वाढणार, कुणीतरी शेजारी बसणार, जेवणानंतर तासभर मुलगी एकटी राहणार नाही. वडिलांनी पाळ्या बदलून घेतल्या. उपासांचा प्रश्न आजीने सोडवला. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तिचे गुरुवार मी करीन. देवाला काय ते मी सांगते. तू जेव." धर्माचा आधार आजारापासून असा अलगद काढून घेणं मला कधीच जमलं नसतं.

एक धोका मात्र ठळकपणे सांगते. फार दिवस उपाशी असलेल्या मुलीला घरच्या घरी एकदम भरपूर खायला घालू नका. अशा शरीरात अन्न अचानक गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं आणि हृदय बंद पडू शकतं. सुरुवातीचे आठवडे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वरचेवर रक्त तपासत काढायचे असतात. जागेपणी नाडी 50 च्या खाली असेल, चक्कर येऊन पडत असेल, पाणीही नको म्हणत असेल, तर रुग्णालयात दाखल करायचं. ही मुलगी पहिले दहा दिवस दाखलच होती. ॲनोरेक्सियात मृत्यूचा धोका त्याच वयाच्या इतरांपेक्षा सुमारे पाच-सहा पट असतो, म्हणून मी यात सवलत देत नाही.

वजनावरून फसू नका, हेही सांगायला हवं. बुलिमियात वजन बहुतेक वेळा नेहमीसारखंच असतं. 1979 मध्ये जेराल्ड रसेल यांनी हा आजार वेगळा ओळखला. भसाभसा खाणं आणि मग ते उलटीवाटे काढून टाकणं, असं चक्र. बोटांच्या सांध्यांवर घट्टे, सुजलेले गाल, झिजलेले दात. कित्येकदा पहिली शंका दंतवैद्यांना येते. पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडते, ते बाहेरून काहीच दिसत नाही. या आजारात औषधं आणि समुपदेशन दोन्हींचा उपयोग होतो. मूळची जाड मुलगी झपाट्याने बारीक होते तेव्हाही तेच. तिचं वजन तक्त्यात बसतं, लोक अभिनंदन करतात, आणि नाडी 46 असते.

या मुलीची पाळी वजन सावरल्यावर काही महिन्यांनी परत सुरू झाली. हळूहळू ताट तिच्या हाती दिलं. आधी सकाळचा नाश्ता, मग शाळेचा डबा, शेवटी रात्रीचं जेवण. दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या वेळी तिने पुन्हा डबा तसाच परत आणायला सुरुवात केली. आईने तिसऱ्या दिवशी मला फोन केला, आणि मी काही सांगायच्या आधीच ताट वाढायचं काम परत स्वतःकडे घेतलं होतं. पहिल्यांदा वर्षभर चाललेली घसरण या वेळी तीन आठवड्यांत थांबली. आता ती अकरावीत आहे, दर दोन महिन्यांनी येते. अभ्यासाचा ताण वाढला की आजारी विचार डोकं वर काढतात, हे ती स्वतः सांगते.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात असं ताट परत येत असेल, तर मुलीला आधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. नाडी आणि रक्तदाब झोपवून आणि उभं करून मोजायला सांगा, पोटॅशियम, फॉस्फेट आणि ईसीजी करून घ्या, लहानपणापासूनच्या वजन-उंचीच्या नोंदी सोबत न्या. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतील तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलगी "मला काही झालेलं नाही" म्हणेल. तिच्या संमतीची वाट बघत महिना घालवू नका.