बाणाईचे गाणे

इंदूरच्या सराफ्यात ज्याचे बालपण गेले त्याला शांततेत झोप लागत नाही, हे आम्हांस हायडेलबर्गला गेल्यावर प्रथम कळले. आमचे घर राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, एका पेढीच्या माडीवर. दिवसा खाली सोन्याचांदीचा काटा हलतो. रात्री पेढ्यांची दारे लागली की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, जिलेबी, हिवाळ्यात गराडू. मध्यरात्र उलटून जाईपर्यंत झाऱ्यांचा खणखणाट चालू असतो. त्या नादावर आम्ही रामरक्षा म्हटली, परीक्षांचे अभ्यास केले आणि गाढ झोपलो. 2023 च्या एप्रिलात एका सत्रासाठी परदेशी गेलो, तेव्हा नेकार नदीपलीकडच्या वसतिगृहात खोली मिळाली. रात्री दहानंतर तेथे केवळ आपल्याच घड्याळाची टिकटिक! पहिले आठ दिवस आम्ही अक्षरशः तळमळून काढले.

आमची आई मूळची फोंड्याकडची. तिचा रोज दूरध्वनी येई आणि प्रश्न ठरलेला, ‘‘जेवलो रे?’’ विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात मिळणाऱ्या उकडलेल्या बटाट्यांचे वर्णन तिला किती दिवस ऐकवणार? शेवटी आम्ही नुसते ‘‘हंय’’ म्हणू लागलो.

हायडेलबर्गचे विद्यापीठ 1386 सालचे. आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने. पुण्यास जर्मन शिकलो होतो, तेवढ्या शिदोरीवर रोमँटिक काव्यसंप्रदायाचा अभ्यास करावयास आम्ही गेलो होतो. नदीकाठी एका रस्त्याला इक्बालचे नाव दिलेले पाहिले तेव्हा विशेष आनंद झाला. 1907 साली तो कवी जर्मन शिकण्यासाठी येथे राहिला होता. आपल्या बाजूचे कोणीतरी या वाटेने गेले आहे, एवढ्यानेही परक्या गावात धीर येतो.

आमच्या अभ्यासक्रमात आर्निम आणि ब्रेंटानो या दोन तरुण कवींनी 1805 ते 1808 या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केलेला लोकगीतांचा संग्रह होता. हायडेलबर्गमध्येच तो छापला गेला. सातशेहून अधिक गीते. पहिला खंड गटेला अर्पण केलेला, आणि गटेने त्याची मनःपूर्वक प्रशंसाही केली. मात्र या दोघा संपादकांनी गाणी जशी मिळाली तशी ठेवली नाहीत. कोठे कडवे जोडले, कोठे ओळ घासूनपुसून घेतली, कोठे सरळ स्वतःचेच घातले. त्यावरून फोस नावाच्या जुन्या पंडिताने त्यांच्यावर कडाडून टीका केली. आमच्या वर्गातही दोन तट पडले. आम्ही कवींच्या बाजूचे होतो, हे आता सांगून टाकलेले बरे.

एके दिवशी अध्यापिकाबाईंनी प्रत्येकाला विचारले, ‘‘तुमच्या घरी कोणती गाणी म्हणतात?’’ कोरियाच्या मुलीने भातलावणीचे गाणे म्हणून दाखविले. सर्बियाच्या तरुणाने आजोबांकडून ऐकलेली वीरगाथा सांगितली. आमची पाळी आली तेव्हा आम्ही ज्ञानेश्वर, तुकाराम, ओवी, अभंग यांवर मोठे व्याख्यान दिले. वाचक हसतील, पण आम्हांस ते छान जमले असे वाटले होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘हे तर ग्रंथांतले झाले. घरातले कोणते?’’

आम्ही ‘‘आता आठवत नाही’’ म्हणून खाली बसलो. ते खोटे होते. आम्हांस चांगले आठवत होते.

आमच्या वडिलांकडचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. देव्हाऱ्यात त्याचे चांदीचे टाक आहेत, आणि आई घरात आल्यापासून त्यांच्या शेजारी कवळ्याच्या शांतादुर्गेची तसबीर. मार्गशीर्षात खंडोबाचे षड्रात्र बसते. चातुर्मासापासून वर्ज्य असलेली वांगी चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने घरात येतात. वांगी भाजताना आमची आजी बाणाईची गाणी म्हणत असे. देव सारीपाटात हरून बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढरे राखतो, आणि इकडे म्हाळसा रागाने फणफणते, असा सगळा प्रकार. आजीचा आवाज जाड. शब्दही खास रांगडे. आम्ही महाविद्यालयात होतो त्या वर्षी चंपाषष्ठीला दोन मित्र जेवायला आले होते. आम्ही स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणालो, ‘‘आजी, ते धनगरी गाणं आज नको. बरं दिसत नाही.’’ आजीने एकदा आमच्याकडे पाहिले आणि वांगे परतून ठेवले. त्यानंतर आमच्या देखत तिने ते कधी म्हटले नाही. आम्हीही म्हण म्हटले नाही.

या सगळ्यानंतर अध्यापिकाबाईंनी सहज सुचविल्यावरून आम्ही विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेच्या ग्रंथसंग्रहाकडे वळलो. ही संस्था 1962 साली स्थापन झाली. तेथे मराठी पुस्तकांच्या रांगा पाहून डोळे विस्फारले. रा. चिं. ढेरे यांचा ‘खंडोबा’ हा ग्रंथ आम्ही इंदूरला असताना कधी उघडलाही नव्हता; तो येथे वाचावा लागला. आणि त्याहून मोठा धक्का गुंथर सोनथायमर यांच्या ग्रंथाने दिला. हे गृहस्थ मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. लंडनला एकत्र कुटुंबपद्धतीवर प्रबंध लिहिलेला. पुढे मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर जाऊन बसले, त्यांच्याबरोबर पायी हिंडले, आणि 1976 साली बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ निघाला. 1992 साली ते वारले. हायडेलबर्गलाच ते शिकवीत असत. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, एक गावातली, दुसरी रानातली, देव दोघींचा. वस्ती आणि रान यांची ही जुनी सोयरीक त्यांनी उलगडून दाखविली आहे. धनगरांच्या तोंडून ऐकलेल्या कथा व ओव्या जर्मनमध्ये वाचीत आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. बाणाई जर्मन बोलत होती आणि आम्हांस घाम फुटत होता.

कारण ‘धनगरी’ हा शब्द आम्ही उच्चारला होता तो कोठे? ज्या राजवाड्याच्या सावलीत आमचे घर, त्याचा पाया घालणारे मल्हारराव होळकर धनगराच्याच कुळातले. त्याच राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचे देऊळ आहे. 1984 च्या आगीत वाडा जळाला, मागील भाग पुन्हा उभारला गेला. पण देव तेथेच आहे. जेजुरीच्या गडाची बांधणीही होळकरांच्या पैशाने झालेली. लहानपणापासून आम्ही त्या देवळात भंडारा लावून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी दूरध्वनी केला. येथे दुपारचे चार, तेथे साडेसात; पेढ्या बंद होण्याची वेळ. आजीला म्हणालो, ‘‘बाणाईचं गाणं म्हणतेस का?’’

‘‘तुला कधीपासून रे आवडायला लागलं ते?’’

त्यावर उत्तर नव्हते. मग तिनेच एक कडवे म्हटले, दुसरे अर्ध्यावर सोडले आणि म्हणाली, ‘‘दात गेले, त्याबरोबर तेही गेलं.’’ मागून कोणीतरी पहिल्या कढईखाली भट्टी पेटविल्याचा आवाज आला.

जुलैअखेर आम्ही परतलो. प्रबंधिका लिहिली होती ती लोकगीतांत केलेल्या फेरफारांवर. फोस पंडिताचे म्हणणे आम्ही तीत मान्य केले. तिला बरे गुण पडले. त्या वर्षी 18 डिसेंबरला चंपाषष्ठी होती. आजी तेव्हा शहाऐंशी वर्षांची. षड्रात्र बसले त्या दिवसापासून आम्ही वही घेऊन तिच्याजवळ बसू लागलो. रोज एखादे गाणे आठवे, एखादे दुसऱ्यात मिसळून जाई, कधी ‘‘हे तुझ्या पणजीचं नव्हे, शेजारणीचं’’ म्हणून ती मध्येच थांबे. सहा दिवसांत नऊ गाणी मिळाली. त्यांतली चार पुरी आहेत.

मेंढरे मारून पुन्हा जिवंत करण्याच्या गाण्यात बाणाई देवाला काहीतरी विचारते. तेथे आजी तीन वेळा अडली. आई पाट मांडता मांडता म्हणाली, ‘‘अरे, जुळेल असं काहीतरी घाल ना तूच! एवढा साहित्य शिकून आलास.’’ जुळण्यासारखी ओळ आम्हांस सुचलीही होती, खोटे कशाला बोला. आजीने विचारले, ‘‘काय लिहिलंस?’’ आम्ही वही तिच्यापुढे धरली. तेथे दोन ओळींची जागा कोरी होती. तिने त्या जागेवरून बोट फिरविले आणि म्हणाली, ‘‘राहू दे. रात्री आठवलं तर उठवीन तुला.’’ मग खालून गराडू आणावयास सांगितले. तिखट कमी, आणि चांगले मऊ तळलेले.