तिच्या कानांचं देणं

भूगोलाचे ऑनलाइन पाठ कसे लिहावेत, हे मला जिने शिकवलं ती पूर्णपणे अंध आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता ती माझे मसुदे ऐकायची आणि अडलं की फोन करायची. "ताई, इथे नकाशा आहे एवढं कळलं. पण कोयना वळते कुठे?"

नकाशाला 'महाराष्ट्रातील नद्या' एवढंच वर्णन जोडलं, तर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर तेवढंच वाचून पुढे जातो. मग आम्ही दोघींनी तो नकाशा वाक्यांत उतरवला. कृष्णा आणि कोयना दोघींचा उगम महाबळेश्वरचा. कृष्णा वाईवरून आग्नेयेकडे निघते. कोयना सह्याद्रीला समांतर दक्षिणेला जाते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. पुढे ती घरी आली, तेव्हा टेबलावर बोटाने तिने दोन्ही नद्या काढून दाखवल्या. हेळवाकचं वळण अगदी जिथल्या तिथे होतं.

पाठ ऐकणाऱ्याला काय लागतं, ते तिच्यामुळे कळत गेलं. 'एच' ही कळ दाबून ती एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जाते. नुसतं ठळक केलेलं शीर्षक त्या कळीला सापडत नाही. पानावरच्या लिंकची यादी ऐकताना 'येथे क्लिक करा' पाचदा आलं, तर कशासाठी क्लिक करायचं हे कळायला मार्ग नाही. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण आत भलतीच रोमन अक्षरं असतात आणि तिच्या कानी निव्वळ गोंधळ पडतो. म्हणून सगळं युनिकोडमध्ये. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

हे देणं तिच्यापाशी संपत नाही. ती वापरते ते एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी लिहायला घेतलं आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. विकतचे स्क्रीन रीडर सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून त्यांनी हे मोफत ठेवलं. त्यातला मराठी बोलणारा ई-स्पीकचा आवाज यांत्रिक आहे, पण त्याच आवाजात तिने अख्खा अभ्यासक्रम ऐकला. या माणसांना मी कधी भेटले नाही, तरी त्यांची मी मनापासून ऋणी आहे.

तिच्यासाठी लिहिलेली वर्णनं इतरांच्याही उपयोगी पडली. कर्णबधिर मुलं ध्वनिपाठाऐवजी तीच वाचतात. रेंज कमी असलेल्या गावातली मुलं चित्रं उघडायची वाट न बघता मजकुरावर काम भागवतात.

सध्या आमचं पर्जन्यमानाच्या आलेखावर चाललंय. त्याचा तक्ता करायचा, तर प्रत्येक आकड्याआधी जिल्हा आणि महिना ऐकू आला पाहिजे, म्हणजे रकान्यांची आणि ओळींची शीर्षकं तशी नोंदवायला हवीत. तिचं म्हणणं, आधी दोन वाक्यांत पाऊस कुठे वाढतो नि कुठे आटतो ते सांगा, आकडे मागाहून. तसंच करतेय.