येतो म्हणू की जातो?

आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणायचं. चुकून 'जातो' निघालंच तोंडातून, तर आजी उंबऱ्यातच दुरुस्ती करायची, "जातो नाही रे, येतो म्हण." ही सवय अंगात इतकी मुरलेली की भाड्याचं घर सोडताना, नोकरी सोडताना, जिथे पुन्हा तोंडही दाखवायचं नाही अशा ठिकाणाहून निघतानाही आपण 'येतो हं' म्हणून मोकळे होतो.

एकदा मात्र हा शब्द एका पोरानं माझ्या तोंडातच अडवला.

हे आज आठवायला कारण म्हणजे हापिसातली एक मुलगी. वर्षभर दर रविवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवत होती. आता लग्न ठरलंय, शहर बदलणार, शिकवणं थांबवायचंय. तिनं निरोपाचा मेसेज लिहून मला दाखवला. छान होता. 'अविस्मरणीय प्रवास', 'तुमच्याकडून खूप काही शिकले', शेवटी हात जोडलेले. मी म्हटलं, बाई गं, पाठवायच्या आधी माझी गोष्ट ऐक. तिला सांगितली तीच इथे खरडतोय.

तर जून २०२३. मी तेव्हा पुण्यात होतो. आठवडाभर हिंजवडीचं ट्रॅफिक आणि विकांताला झोप, एवढंच आयुष्य. एका मित्राच्या ओळखीनं अंध विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात गेलो. डोक्यात होतं की परीक्षेत लेखनिक व्हायचं. विद्यार्थी उत्तर सांगणार, आपण लिहिणार. तिथल्या बाईंनी विचारलं, "शिक्षण?" मी जरा ताठ बसून म्हटलं, "बी. ई."

"मग नाही चालणार."

विद्यार्थ्यानं स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खाली हवं, असं केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत होतं. उत्तर लेखनिकाचं नको, विद्यार्थ्याचंच हवं, म्हणून. म्हणजे बी. ए.च्या मुलाला बारावी झालेला चालेल, इंजिनिअर नाही. जास्त शिकल्यामुळे नापास व्हायची माझी ही पहिलीच वेळ :)

बाई म्हणाल्या, "तुम्ही वाचक व्हा. दर शनिवारी १० ते १२. पण वर्षभर. वर्ष म्हणजे वर्ष हं."

माझ्या वाट्याला आला मराठवाड्यातून आलेला, बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. जन्मापासून दिसत नाही. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर एनव्हीडीए होतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध प्रोग्रामरांनी २००६ साली सुरू केलं. फुकट आहे आणि सोर्स कोडही खुला आहे. पोरगा ते इतक्या वेगात ऐकायचा की मला नुसता मधमाश्यांचा आवाज यायचा. माझं वाचन पहिल्या दिवशी दहा मिनिटं ऐकून म्हणाला, "सर, तुम्हाला दीडपट करता येत नाही का?"

मग माझी गरजच काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. तर त्यानं एक फाइल उघडून दाखवली. नोट्स जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. आपल्याला पडद्यावर सुबक मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. एनव्हीडीए बिचारं तेच वाचतं. 'पेशवाई'च्या जागी अर्थहीन अक्षरांचा नुसता कडकडाट. स्कॅन केलेल्या पीडीएफची गत आणखी वाईट. ते निव्वळ चित्र, त्यामुळे तिथे पूर्ण शांतता. ओसीआर करून बघितलं, तर 'घर'चं 'धर' होतं आणि 'ख'चं 'रव'. बारा वर्षं मी सॉफ्टवेअर लिहीत होतो आणि आपण 'फाइल पाठवली' म्हणतो तेव्हा समोरच्याला ती मिळालेली असतेच असं नाही, हे मला माहीत नव्हतं.

असो. शनिवार सुरू झाले. मी वाचायचो, तो फोनवर रेकॉर्ड करायचा आणि मधेच थांबवून ब्रेलमध्ये मुद्दे टोचायचा. चौकटी, तक्ते, नकाशे कसे वाचायचे ते त्यानंच शिकवलं. तक्ता असेल तर आधी किती ओळी, किती रकाने ते सांगायचं. कंस सुरू झाला की 'कंसात', संपला की 'कंस पूर्ण'. आणि 'हे बघ' म्हणून जीभ चावायची नाही. "मीपण मॅच बघतो असंच म्हणतो सर, तुम्ही कशाला घाबरता?"

एकदा ब्रेल शिकवायला बसला. सहा ठिपके. मी लगेच हुशारी केली, "म्हणजे सहा बिट. चौसष्ट शक्यता, कोरी सोडली तर त्रेसष्ट." तो म्हणाला, "ते असू द्या. 'कि' लिहून दाखवा." मी आधी वेलांटी टोचली, मग क. चूक! ब्रेलमध्ये आधी क, मग वेलांटी. आपण आधी 'क'च म्हणतो ना? युनिकोडमध्येही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागेच साठवलेली असते, हे मी हापिसात शंभरदा पाहिलेलं. पण ते असं का, हे मला लुई ब्रेलच्या ठिपक्यांवर बोट ठेवल्यावर कळलं. अक्षर डोळ्यांसाठी एका क्रमानं असतं आणि कानासाठी दुसऱ्या.

आता जरा न आवडणारा भाग.

ऑक्टोबरात आमचं रिलीज होतं. सलग दोन शनिवार मी गेलो नाही. फोनही केला नाही. खरं सांगायचं तर, करू करू म्हणताना दुपार झाली, मग लाज वाटली, मग रविवार उजाडला. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो काहीच बोलला नाही, पुस्तक पुढे सरकवलं. सांगितलं बाईंनी. दोन्ही शनिवारी तो दहाच्या आधी खालच्या खोलीत येऊन बसला होता. पुस्तक, फोन, ब्रेलची पाटी मांडून. जेवणाची घंटा होईपर्यंत. "उठ म्हटलं तर म्हणायचा, ट्रॅफिक असेल."

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "चालतंय सर." ते चालत नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर मी एकही शनिवार न कळवता चुकवला नाही. पण वर्षाचा हिशेब मांडला तर ५२ पैकी ४१च भरतात.

एप्रिल २०२४ मध्ये माझी बदली बंगळुरूला ठरली. वर्ष जूनमध्ये पूर्ण होणार होतंच, म्हणजे शब्द मोडत नव्हता. मी एक मेसेज लिहिला. अगदी वरच्या मुलीनं लिहिला तसाच. पाठवायला बोट नेलं आणि ती खालची खोली आठवली.

मग हापिसात करतो ते केलं. माणूस प्रोजेक्ट सोडतो तेव्हा आपण काय करतो? केक कापतो, हे झालंच. पण त्याआधी दोन-तीन आठवडे केटी देतो. कुठे काय ठेवलंय, काय अर्धवट आहे, कुठे काय बिघडतं, सगळं नव्या माणसाला शेजारी बसवून दाखवतो. फुकटच्या कामात मात्र आपण हे करत नाही. पगार नाही म्हणजे नोटीस पीरियडही नाही, असं आपण गृहीत धरतो.

बाईंना सांगितलं. एक निवृत्त बँकवाले काका तयार झाले. मे महिन्यात तीन शनिवार आम्ही तिघं बसलो. कुठलं पुस्तक कुठल्या पानापर्यंत झालं, कुठल्या फाइल युनिकोडमध्ये आणल्या, कुठल्या राहिल्या, त्याची यादी केली. त्याला वाचता येईल अशी साध्या मजकुराची फाइल. यादीत शेवटी त्यानं स्वतः एक ओळ घातली : 'येणार नसल्यास आदल्या रात्री फोन करणे.' ती वाचताना मी काकांकडे बघितलं नाही.

शेवटचा शनिवार. मी मनात भाषण जुळवून गेलो होतो. आपल्याकडे आभाराच्या दोनच तऱ्हा. एक व्यासपीठावरची, शाल-श्रीफळ आणि 'आभार न मानता ऋणात राहणे पसंत करतो'वाली. दुसरी घरातली, म्हणजे मानायचेच नाहीत, कारण 'आभार मानून परकं करू नका.' मी पहिली निवडली. म्हटलं, "तुझ्याकडून मी खूप काही शिकलो."

तो म्हणाला, "सगळेच म्हणतात. काय शिकलात ते तरी सांगा की."

भाषण तिथेच संपलं. मग अडखळत सांगितलं. तक्ता कसा वाचायचा. वेलांटी आधी का नाही. आता हापिसात कुठलीही स्क्रीन बनली की डोळे मिटून एनव्हीडीएवर ऐकून बघतो. आणि कुणी दहा वाजता वाट बघत असेल तर साडेनऊला फोन करायचा. तो ऐकत होता. शेवटच्यावर हसला. म्हणाला, "हे चांगलंय. हे लक्षात ठेवा."

मी पिशवी उचलली आणि सवयीनं म्हटलं, "चल, ये..."

"येतो म्हणू नका सर. तुमच्या आधी तीन जण आले. तिघंही 'येतो' म्हणूनच गेले. मी पुढच्या शनिवारी खाली येऊन बसायचो."

दारात उभा राहून मी आयुष्यात पहिल्यांदा नीट, अख्खा शब्द उच्चारला, "जातो रे."

"या," तो म्हणाला.

मंडळी, एवढंच. मुलीनं मेसेज पुसून टाकला. पुढचे तीन रविवार ती नव्या मुलाला सोबत घेऊन वस्तीत जाणार आहे. आभाराचं काय बोलायचं ते तिथे सुचेल, असं म्हणाली. फक्त मुलांनी 'काय शिकलात' विचारलं तर उत्तर तयार ठेव, एवढं मी सांगितलंय.