वडा उलटला तर

आमच्या घरी वैशाखात दोन गोष्टी न चुकता होतात. एक, माजघरात फणस फोडला जातो. दुसरी, दादांची स्पर्धा भरते. फणसाविषयी वाचकांस काही सांगावयास नकोच. स्पर्धेचा मात्र थोडा खुलासा केला पाहिजे.

आमचे थोरले बंधू तरुणपणी काही वर्षे इंग्लंडात होते. तेथील ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पत्रातील शब्दकोड्यांचा त्यांना जो नाद लागला, तो स्वदेशी परतल्यावरही सुटला नाही. ही कोडी आपल्या नेहमीच्या कोड्यांसारखी सरळ अर्थ विचारीत नाहीत. त्यांतील प्रत्येक सूचना हे एक लहानसे कूटच असते. १९२६ पासून त्या पत्रात ती रचणाऱ्या गृहस्थाने स्पेनमधील एका क्रूर धर्मन्यायाधीशाचे नाव घेतले होते : टॉर्केमाडा. खरे नाव एडवर्ड पॉविस मॅदर्स. आणि मौज अशी की, बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’स १९१९ मध्ये इंग्रजी काव्यरूप देणारे ते हेच! त्यांच्या मागून १९३९ मध्ये ‘झिमेनीझ’ आले. १९७२ मध्ये त्यांची जागा घेणाऱ्याने तर डेझा नामक अशाच एका न्यायाधीशाचे नाव उलटे लिहून ‘अझेड’ असे टोपणनाव घेतले. यांनी वाचकांसाठी स्पर्धा चालविली. शब्द त्यांनी द्यावयाचा, सूचना वाचकांनी रचावयाची. दादाही टपालाने आपली सूचना धाडीत. पारितोषिक कधी लाभले नाही. एकदा प्रशंसापात्रांच्या यादीत नाव आले, तो कागद वहिनींनी देवाच्या पोथ्यांत जपून ठेवला आहे.

चार वर्षांपूर्वी दादांची दृष्टी गेली. वाचन सुटले, त्याबरोबर बोलणेही आटले. त्या वैशाखात वहिनींनीच सुचविले की, मराठीत सूचना रचाव्यात, चिठ्ठ्या मुलांनी नावे न सांगता मोठ्याने वाचाव्यात, आणि निकाल दादांनी द्यावा. नियम दादांनी विलायतेचेच ठेवले. सूचनेत शब्दाचा नेमका अर्थ हवा. तो शब्द अक्षरांतून घडविण्याची सचोटीची खूण हवी. याहून अधिक एक अक्षर नको. सोडविणाऱ्यास चकवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये. मराठीपुरती एकच भर त्यांनी घातली : कानामात्रेसह जे एका चौकटीत बसते ते एक अक्षर, ते फोडावयाचे नाही.

यंदाचा शब्द होता ‘डाव’. आम्ही दोन रात्री जागून लिहिले : ‘आषाढात डावा पाय मोडला, तरी खेळ चालूच.’ ‘डावा’चा शेवटचा काना गेला की ‘डाव’ उरतो, हे चतुर वाचकांनी ओळखलेच असेल. आम्ही आमच्यावर अगदी खूष होतो.

“आषाढ कशाला?” दादांनी विचारले.

पावसात पाय घसरतो, असे काहीसे आम्ही पुटपुटलो, आणि चिठ्ठी कोणाची हे त्यामुळे उघड झाले.

“पाऊस सूचनेत नाही, तुझ्या डोक्यात आहे. शिवाय काना तोडलास. बाद!”

पुढची चिठ्ठी वाचली गेली : ‘वडा उलटला, तर आमटी वाढता येते.’ क्षणभर सारे स्तब्ध. मग ‘वडा’ उलटून पळीसारखा तो ‘डाव’ सर्वांच्या हाती एकदमच आला, आणि माजघर हसण्याने दणाणले. ती चिठ्ठी वहिनींची, हे सांगावयास नकोच. आमच्या सूचनेवर कोणी हसले नव्हते, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले. ती आम्ही सुटावी म्हणून रचलीच नव्हती.

मग आग्रहावरून दादांनी स्वतःची एक सूचना सांगितली : ‘फणसातली बी उलटताच गवई आळवू लागतो.’ उत्तर ‘राग’ हे आम्हांस लगेच कळले. कारण ‘गरा’ उलटला की ‘राग’ होतो. परंतु गरा म्हणजे बी नव्हे. ही चूक आम्हां सर्व वडील माणसांस कळली, आणि आम्ही सर्वांनी “वाहवा!” केली. पुतण्याने तर टाळीही वाजविली.

तेवढ्यात दादांचा सात वर्षांचा नातू, हातातला गरा न सोडता म्हणाला, “आजोबा, बी म्हणजे आठळी. हा गरा.”

दादांनी त्याच्या हातातला गरा चाचपून पाहिला. मग आमच्या आवाजाच्या दिशेने मान वळवून ते म्हणाले, “माझे डोळे गेलेत. तुझी जीभ केव्हा गेली?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. चिकाने माखलेली बोटे आम्ही उगाच पुशीत राहिलो. दादांनी मात्र तेवढ्यात सूचना सुधारली : ‘फणसातला मेवा उलटताच गवई आळवू लागतो.’ नातवाने ती मान्य केली, तेव्हाच वहिनींनी पाने मांडली.

पुढील वर्षाचा शब्द नातवाच्या सन्मानार्थ ‘आठळी’ ठरला आहे. आम्ही आत्तापासूनच कागद घेऊन बसलो आहो. ‘आठ’ सुखाने निघतात. पण ‘ळी’चे करावे काय? आणि उलटावे, तर ‘ळ’पासून सुरू होणारा शब्द मराठीत आम्हांस तरी अद्याप सापडलेला नाही.