खेळते पाणी

ताडकळस हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील गाव. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून अधिक दूर. या भागात पाण्याचा विचार होतो तो विहीर, बोअर आणि पावसाचे नक्षत्र यांच्या संदर्भात. लाट हा शब्द येतो तो उन्हाच्या संदर्भात. अशा गावातील एका आडत व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात समुद्र उभा करण्याचा घाट घातला गेला. पुण्यात शिकून परतलेल्या चिरंजीवांची ती हौस होती. काचेच्या टाकीत खारे पाणी, त्यात प्रवाळ आणि रंगीत मासे ठेवावेत, असा बेत त्यांनी आखला.

पहिली अडचण कायद्याची निघाली. पोवळे हे रत्न व्यापारी घरांत सर्वांच्या परिचयाचे. परंतु ते प्रवाळ नावाच्या सजीवाच्या सांगाड्यापासून मिळते, याची जाणीव फार थोड्यांना असते. प्रवाळाच्या खडकासारख्या दिसणाऱ्या अंगावर हजारो सूक्ष्म जीव एकत्र नांदत असतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत भित्तिका बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश २००१ साली झाला. ज्या अनुसूचीत वाघाचे नाव आहे, त्याच अनुसूचीत प्रवाळाचेही आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे वा घरी बाळगणे गुन्हा ठरतो. कोणी घरपोच आणून देतो म्हणाला, तरी गुन्हा तो गुन्हाच. आयुष्यभर परवाना व पावती सांभाळून धंदा केलेल्या वडिलांनी तेथेच रेघ ओढली : "प्रवाळ या घरात येणार नाही. बाकीचे काय ते बघ."

मग कृत्रिम दगड आणून केवळ माशांसाठी टाकी उभारावी असे ठरले. मात्र पाण्याची व्यवस्था प्रवाळ जगेल अशा कसोटीची असावी, हा चिरंजीवांचा आग्रह कायम राहिला. त्यामागे कारण होते. प्रवाळ एका जागी चिकटलेला जीव आहे. तो अन्नाकडे जाऊ शकत नाही. अन्न व प्राणवायू त्याच्याकडे यावे लागतात आणि त्याने टाकलेली घाण वाहून जावी लागते. ही सारी ने-आण पाण्याची हालचाल करते. प्रकाश आणि क्षार कितीही नेमके असले, तरी पाणी थांबले की प्रवाळ गुदमरतो.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच होती. वाळू व दगड वजा जाता तीत दोनशे लिटर पाणी मावले आणि खालच्या जोडटाकीत पन्नास लिटर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने शुद्ध केलेल्या पाण्यात पावणेनऊ किलो तयार सागरी मीठ लागणार होते. परंतु मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावरच सर्व चाचण्या घ्याव्यात, ही सूचना वडिलांची.

पाणी वरच्या टाकीतून खाली उतरे, तेथे गाळले जाई आणि पंप ते पुन्हा वर चढवी. पंपावर ताशी दीड हजार लिटर असे छापलेले होते. वडिलांनी पंधरा लिटरची बादली आणि हातातील घड्याळ घेतले. बादली भरायला बरोबर एक मिनिट लागले. म्हणजे ताशी नऊशे लिटर. पाणी चार फूट उंच चढवण्यात आणि नळीच्या वळणांत पंपाची बाकीची शक्ती खर्च होत होती. छापील आकडा आणि हाती येणारा आकडा यांतील हे अंतर व्यापाऱ्याला नवे नव्हते.

लाटांसाठी ताशी तीन हजार लिटर पाणी ढकलणारे दोन छोटे पंप टाकीच्या दोन टोकांना बसवले. दोन्ही मिळून तासाला सहा हजार लिटर. दोनशे लिटरच्या टाकीत तासाला तीस वेळा उलाढाल. कठीण प्रवाळांसाठी वीस ते चाळीस पट उलाढाल पुरेशी मानली जाते. आकडा उत्तम जमला. तरीही वडिलांचे समाधान झाले नाही. त्यांनी चिमूटभर तांदळाचा बारीक कोंडा पाण्यात सोडला. मधोमध कोंडा वेगाने फिरला. दगडांच्या मागे, उजव्या कोपऱ्यात मात्र तो निमूटपणे तळाशी बसला. तासाभराने पाहिले तरी तेथेच. ज्या कोपऱ्यात कोंडा बसतो, त्याच कोपऱ्यात पुढे उरलेले अन्न व विष्ठा कुजणार, हे उघड होते. एकूण उलाढाल मोठी असूनही टाकीचा एक कोपरा मेलेला होता.

त्यानंतरचे आठ दिवस त्या एका कोपऱ्यासाठी गेले. भिंतीसारखे रचलेले दगड पायांवर उचलले, त्यांखालून वाट केली आणि ते मागच्या काचेपासून चार बोटे पुढे आणले. एका पंपाचे तोंड समोरच्या काचेकडे वळवले, म्हणजे धार काचेवर आपटून पसरेल. दोन्ही पंप एकाच वेळी न चालवता आळीपाळीने चालू ठेवले. त्यामुळे प्रवाह एका दिशेचा न राहता समुद्रासारखा येऊ-जाऊ लागला. एक धार किंचित वर रोखली, तेव्हा पृष्ठभाग हलू लागला. पाण्यात प्राणवायू मिसळतो तो मुख्यतः तेथूनच. मग कोंडा कोठेच बसेना.

एक धडा मात्र नुकसान करून गेला. एका रात्री वीज गेली. पंप थांबताच वरचे पाणी त्याच नळीतून उलटे खाली येऊ लागले, खालची टाकी भरून वाहिली आणि शेजारच्या कपाटातील दोन जुन्या वह्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी त्या नळीला, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, एक बारीक छिद्र पाडले. पातळी छिद्राखाली जाताच नळीत हवा शिरते आणि उलटा ओघ तुटतो. त्यानंतर पाणी शिंपडल्याइतकेही सांडले नाही.

मीठ पडले. टाकीतील घाण पचवणारे सूक्ष्म जिवाणू रुजण्यास सहा आठवडे दिले. मासे अद्याप यायचे होते. तेवढ्यात मे महिना आला. वळवाच्या वाऱ्याने एका संध्याकाळी वीज गेली ती सात तास आली नाही. लाटा थांबल्या. पृष्ठभाग आरशासारखा स्थिर झाला. तापमापीचा आकडा २७ वरून ३३ अंशांवर चढला. पाणी तापते तसतसा त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. बॅटरीवर चालणारा पंप आणि पाणी थंड ठेवणारे यंत्र आणून हे निभावता आले असते. वडील त्याचाच हिशेब मांडत बसले होते.

तेवढ्यात आजींनी विचारले, "बाळा, या माशांना तू खायला काय घालणार?"

आजी रोज पिण्याचे पाणी कापडातून गाळतात आणि गाळण्यात अडकलेले जीव पाण्यासह पुन्हा विहिरीत सोडतात. चिरंजीव गप्प राहिले. समुद्री माशांच्या बहुतेक खाद्यात माशांची पूड असते; नाहीतर कोळंबीसारखे बारीक जीव गोठवून घालतात. हे त्यांनी वाचले होते, पण घरात बोलले नव्हते. "आजी, त्याला माझ्याकडे उत्तर नाही," एवढेच ते म्हणाले. वीज आली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

मासे आले नाहीत. कोणी मनाई केली नाही. चिरंजीवांनीच बेत आवरला. डिसेंबरात सारे कुटुंब मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे आणि तेथील उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. मुखवटा लावून पाण्यात पाहिले, तेव्हा प्रत्येक लाटेबरोबर गवतासारखे सारे एकदा किनाऱ्याकडे झुकत होते, एकदा समुद्राकडे. आठ दिवस धडपडून दिवाणखान्यात जे साधले होते, ते येथे कोणी न बसवता चालले होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

परतल्यावर टाकी पंपांसह परभणीच्या एका महाविद्यालयाला अभ्यासासाठी दिली गेली. त्याच आठवड्यात वडिलांनी मोंढ्यातील गोदामाचा उजवा कोपरा उघडला. तेथे तीन वर्षांपासून पडून असलेली हरभऱ्याची पोती होती. वर्षाची उलाढाल चांगली, म्हणून त्या कोपऱ्याकडे कधी कोणी पाहिले नव्हते. निम्मा माल किडीने गेला होता. उरलेला त्यांनी मिळेल त्या भावाने विकला आणि पैसा खेळत्या भांडवलात घातला. आता महिन्यातून एकदा ते गोदामात जातात, तेव्हा आधी त्या कोपऱ्यात जातात.